कंबर कुणाची, मनगट कुणाचं

"कंबर माझी," थोरला म्हणाला. "मी आधीच सांगितली होती."

"कधी सांगितलीस?" धाकटा उसळला. "दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघतो मी. दातांच्या डॉक्टरची कंबर दुखणार नाही तर कुणाची?"

"दुखते का पण?"

"नाही दुखत. पण दुखू शकते. तुझी तर तेवढंही करू शकत नाही. काल एकट्यानं कपाट सरकवलंस, तेही अण्णांच्या डोळ्यांदेखत."

रंगाच्या खोलीचं दार लावून ही वाटणी चालली होती. बापाच्या इस्टेटीसाठी भांडणारे भाऊ थोरल्या सुनेनं पुष्कळ पाहिले होते, दुखण्यासाठी भांडणारे पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या हातात लाकडी घोडा होता आणि त्याच्या पाठीवर ती पिवळे पट्टे ओढत होती. बेत सगळा तिचाच होता, आणि तो या तिघांच्या हवाली करावा लागत होता, हीच तिची खरी काळजी.

"कंबर भाऊजींना द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही गुडघा घ्या."

"गुडघ्याचा आणि करवतीचा काय संबंध?"

"फांदी कापताना उभं राहावं लागतं, अहो."

थोरल्यानं नाइलाजानं गुडघा पत्करला. थोरलीनं स्वतःसाठी मनगट ठेवून घेतलं होतं, कारण वर्षानुवर्षं ब्रश धरणाऱ्या बाईचं मनगट दुखतं यावर कुणीही विश्वास ठेवला असता. राहिली धाकटी सून. ती पोहायला शिकवायची, आणि तिच्या खांद्यांकडे बघून अनोळखी माणसंही जरा बाजूला सरकून वाट देत.

"मी काय सांगू?" धाकटीनं विचारलं. "मला तर साधी सर्दीसुद्धा होत नाही."

"खांदा सांग. डावा."

"उजवा नको?"

"उजव्यानं तू सगळं उचलतेस. विसरशील."

आता हा खटाटोप कशासाठी, तर या घराच्या एका नियमासाठी. खेळण्यांचा कारखाना म्हणा की घर म्हणा, दोन्ही एकाच छपराखाली होतं, आणि तिथं शिडी येवो, खुर्ची येवो की हत्यार, नवी वस्तू आधी घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाच्या हातात द्यायची. त्याला पेलली तर ठेवायची, नाही तर आल्या पावली परत. अण्णा हा नियम त्यांच्या वडिलांचा म्हणून सांगत आणि डोळ्यांत तेल घालून पाळत. सासूबाई होत्या तोवर तो मान त्यांचा. पुढे तो नातीकडे गेला. पण नात आता वसतिगृहात राहून होड्या वल्हवण्याच्या शर्यती जिंकत होती, आणि मान रिकामा पडला होता. खरा मानकरी कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऐंशीला टेकलेल्या अण्णांच्या तोंडावर ते म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

लेथवर अण्णांचा हात अजून पक्का होता. भोवरा असा उतरवत की तो फिरायला लागला की उभा आहे असंच वाटे. पण भोवऱ्याआधी लाकूड लागतं. मागच्या अंगणातल्या झाडांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलावून दिलेल्या फांद्या कापून आणणं हे अण्णांचं काम, आणि ते करायला त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी धिप्पाड करवत होती. तिला घरात सगळे रेडा म्हणत. गेल्या आठवड्यात फांदी कापताना रेड्याच्या पात्याचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं, पातं उसळलं, आणि अण्णांच्या खांद्याला ते आवरता आवरलं नाही. फिरती साखळी खाली येऊन बुटाला चाटून गेली. बूट फाटला, पाय वाचला.

हे पाहिलं एकट्या थोरलीनं. अण्णा तिला म्हणाले होते, "कुणाला सांगू नकोस." मग जरा वेळानं, चोरी लपवणाऱ्या पोरासारखा चेहरा करून, "तुझ्याकडे बदामी रंग आहे ना?"

तिनं बूट शिवला, चीर बुजवली आणि वर घोड्यांचा बदामी रंग दिला. कुणाला सांगणार नाही असा शब्दही दिला. तो शब्द तिनं दुसऱ्या दिवशीच मोडला. शब्द मोडल्याचं वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं तिला परवडत होतं. अण्णांना काही झालं असतं तर परवडलं नसतं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "आपल्यातला कुणीतरी अशक्त ठरला की त्याच्या हातानं हलकी करवत निवडायची. हलकी आली की रेडा भंगारात. अण्णा आपोआप हलकी वापरतील आणि त्यांना काही म्हणायची वेळच येणार नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही. कळलं?"

"आणि आत्याला?" धाकट्यानं विचारलं.

दार बाहेरून ढकललं गेलं. "आत्याला सगळं ऐकू आलंय," अण्णांची बहीण दारात उभी राहून म्हणाली. "भिंतीला कान असतात म्हणतात, इथं तर दाराला फटही आहे. तुमची दुखणी तुम्हाला लखलाभ. मला कुणी अशक्त म्हटलं तर याद राखा. तो करवतींचा दुकानदार आलाय, चला."

दुकानदारानं कामाच्या लांब बाकावर तीन करवती मांडल्या होत्या. गोल, बोलका माणूस. लेथवरून आलेल्या अण्णांनी अंगावरचा भुसा झटकला, चष्मा पुसला आणि एकेक करवत हात न लावता नुसती पाहिली.

"ही पहिली पेट्रोलची," दुकानदार म्हणाला. "तुमच्या जुनीपेक्षा निम्मी. दोरी ओढली की सुरू."

"वजन?"

"कागदावर तीन किलोच्या आत."

"आणि कागदाबाहेर?"

दुकानदार हसला. "कागदावर पातं, साखळी आणि पेट्रोल धरत नाहीत."

"म्हणजे माणसाचं वजन हातपाय सोडून सांगायचं." अण्णांनी मान हलवली. "पुढची."

"ही दुसरी सगळ्यांत छोटी. मूठ वरच्या बाजूला आहे बघा. झाडावर चढून दोराला लटकून काम करणाऱ्यांची आहे. पण खरं सांगतो, जमिनीवर उभं राहून काम करणार असाल तर घेऊ नका. छोटी आहे म्हणून लोक एका हातानं चालवायला जातात. पातं उसळलं की मग आवरत नाही."

अण्णांनी नकळत डावा पाय उजव्या पायामागे घेतला. थोरलीनं ते पाहिलं आणि नजर छताकडे वळवली.

"ही तिसरी बॅटरीची," दुकानदार पुढे म्हणाला. "दोरी नाही, धूर नाही. बोट सोडलं की साखळी थांबते. पातं हातभरही नाही, पण तुमचं काम तेवढंच. मनगटाएवढ्या फांद्या, फार तर मांडीएवढं लाकूड. त्याच्यापेक्षा जाड आलं तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. साखळीला तेल मात्र हिलाही लागतं."

"बॅटरी संपली की?"

"चार्जिंगला लावायची. ती दम खाते तोवर तुम्हीही खायचा."

इथवर सगळं रुळावर होतं. पण थोरल्याला हत्यारं पाहिली की भान राहत नसे. पहिली करवत त्यानं एका हातानं खाटकन उचलली, डोक्याच्या वर धरली आणि म्हणाला, "ही बघा. काय दमदार आहे." ती पाहायला तो उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. धाकट्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

"आई गं," थोरला म्हणाला. मग त्याला आठवलं. "गुडघा."

"काय झालं गुडघ्याला?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. फार दुखतो. कधीपासून."

अण्णांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग बाकाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बरं. नियमाप्रमाणे होऊ दे. आधी कुणाच्या हातात द्यायची?"

याच प्रश्नासाठी सकाळपासून तालीम चालली होती. चौघं एकदमच पुढे सरसावले, आणि अशक्त माणसं इतक्या जोरात धावून येताना त्या कारखान्यानं कधी पाहिली नसतील.

"माझ्या," धाकटा म्हणाला. "माझी कंबर गेली आहे अण्णा. साफ गेली. दुपारनंतर रोग्याच्या दाढेऐवजी जमीनच दिसते."

"त्याच्या कंबरेला काय होतंय," थोरला म्हणाला. "माझ्या गुडघ्यातून आवाज येतो. रात्री ही जागी होते आवाजानं. हो की नाही गं?"

"हो," थोरली म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. "पण गुडघा निदान आवाज तरी करतो. माझं मनगट गप्प राहून छळतं. ब्रश धरवत नाही."

"तरीच घोड्यांचे पट्टे वाकडे येतायत," अण्णा म्हणाले.

पट्टे वाकडे नव्हते. एकही नव्हता. थोरलीला हे बोलणं झोंबलं, पण बेतासाठी तिनं तेही गिळलं.

"माझा खांदा," धाकटी म्हणाली. "डावा. वरच जात नाही."

"अगं, तो माझा दुसरा चष्मा दे बरं जरा," अण्णा म्हणाले. "वरच्या फळीवर आहे, रंगांच्या डब्यामागे."

धाकटीनं डावा हात उंच केला, टाचाही न उचलता चष्मा काढला आणि अण्णांच्या हातात दिला. "हा घ्या," ती म्हणाली. धाकट्यानं कपाळाला हात लावला.

आत्या इतका वेळ रंधा मारलेल्या फळीवर बसून मजा पाहत होत्या. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दुखण्याचंही येत नाही."

पण अण्णा हसले नाहीत. ते चौघांकडे आळीपाळीनं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची काळजी दिसू लागली. या घरातली माणसं खोटं बोलण्यात कच्ची होती, पण अण्णांनी उभ्या आयुष्यात आपल्या पोरांच्या दुखण्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. हे थोरली विसरलीच होती.

"एवढं सगळं झालं आणि मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "कंबर, गुडघा, मनगट. खांदा थोडा बरा दिसतोय. म्हणजे घरात धडधाकट दोघंच. मी आणि ही माझी बहीण."

"तसं नाही अण्णा," धाकटा म्हणाला.

"तसंच आहे. ही बॅटरीवाली ठेवून घेऊ. तुम्हा चौघांना पेलेल अशी तीच आहे. घरातली बारीकसारीक लाकडं तुम्ही तिनं कापा." अण्णा उठले. "रेडा राहू दे माझ्याकडे. आता बाहेरचं सगळं मलाच बघायला हवं. ती अर्धी कापलेली फांदी आठवडाभर लोंबतेय, ती आधी उतरवतो."

करायला गेले काय आणि झाले उलटे पाय. अण्णांनी कोपऱ्यातून रेडा ओढला, दोन्ही हातांनी उचलला, आणि उचलताना उजवा खांदा मध्येच अडला तसं तोंड बाजूला वळवून पुन्हा उचलला. थोरल्याचा चेहरा उतरला. दोघंही भाऊ थोरलीकडे बघत होते. नेहमीचंच होतं ते. पोरं त्यांची, बोलायची वेळ आली की सून.

ती उठून अंगणाच्या दारात आडवी उभी राहिली.

"अण्णा, खाली ठेवा तो."

"बाजूला हो पोरी. जड आहे."

"जड आहे म्हणूनच म्हणतेय. आमच्यातल्या कुणालाही काही झालेलं नाही. गुडघा नाही, कंबर नाही, काही नाही. माझे पट्टेही वाकडे नाहीत." तिनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. "बुटाचं मी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

अण्णांनी रेडा खाली ठेवला, पण मूठ सोडली नाही. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता. या दोघांवर नाही ठेवला, तुझ्यावर ठेवला."

"ठेवला होतात. आणि मी मोडला, आणि उद्या पुन्हा असं झालं तर पुन्हा मोडेन. तुम्ही आत बूट काढून बघत होतात ना, पाय आहे की गेला, तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसले होते. मला उठता येत नव्हतं. गेला आठवडाभर ती फांदी दिसली की माझे हात गार पडतात. रागवायचं तर रागवा. पण हा घेऊन तुम्ही या दारातून जायचं नाही."

दुकानदारानं उगाचच एका करवतीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"म्हणजे सगळे मिळून मला फसवत होता," अण्णा हळू म्हणाले. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी लागलं होतं. "म्हातारा झालो, हे तोंडावर सांगायचं सोडून नाटक केलंत. माझ्याच नियमाचं."

"तुझ्याच," आत्या म्हणाल्या. "आता बरोबर बोललास."

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. या पोरांना वाटतं नियम तुझ्या-माझ्या वडिलांचा. तूच तसं सांगत आलास. सांग की आता, कुणी काढला आणि कधी."

आत्या थोरलीकडे वळल्या.

"आमचे वडील मोठ्या वाकसानं लाकूड तासायचे. आमच्या आईलाही तो उचलत नव्हता. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, पण वाकस सोडायला तयार नाहीत. एक दिवस हा तुमचा अण्णा, तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं, मनगट धरून बसला. म्हणे मला हा पेलत नाही, माझं मनगट दुखतं. घरात हत्यार आणायचं तर सगळ्यांत अशक्ताला पेलेल असंच आणलं पाहिजे. झालं. याच्या मनगटासाठी हलका वाकस आला, आणि शेवटपर्यंत वापरला वडिलांनी."

धाकट्याचा आ वासला. "म्हणजे मनगटाचं नाटक तुमचं होतं, अण्णा?"

"माझं जमलं होतं," अण्णा फणकाऱ्यानं म्हणाले. "वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्यासारखं नाही, डावा हात वर जात नाही म्हणत त्याच हातानं चष्मा काढून देणारं."

"कळलं होतं," आत्या म्हणाल्या.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच संध्याकाळी तू विहिरीवर दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन पळत होतास. मी त्यांना म्हटलं, बघा, खोटारडा. तर म्हणाले, राहू दे. पोरगं खोटं बोलतंय खरं, पण माझ्यासाठी बोलतंय. त्याला सांगू नकोस."

"मग तू कधी..."

"शब्द दिला होता ना. आजवर पाळला. तुझ्या सुनेला बघून आज वाटलं, काही शब्द मोडायला हरकत नाही."

अण्णा तसेच उभे होते. इतकी वर्षं त्यांनी वडिलांना फसवल्याचं एक छोटंसं ओझं बाळगलं होतं, अभिमानही बाळगला होता, आणि दोन्ही एका झटक्यात हातून गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. भुसा उडत नव्हता, त्यामुळे लपवायला सबबही नव्हती. थोरलीला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण दारातून हलायची अजून तिची तयारी नव्हती.

मग त्यांनी रेड्याच्या मुठीवरचा हात काढला. बाकापाशी आले, बसले नाहीत, आणि उजवा हात पुढे केला.

"द्या," ते म्हणाले. "आधी माझ्या हातात."

कुणीच हललं नाही. आपण काय ऐकलं ते प्रत्येकाला कळलं होतं.

"नियम आहे घरचा," अण्णा म्हणाले. "द्या म्हणतो ना."

थोरलीनं दार सोडलं. बॅटरीची करवत उचलून तिनं त्यांच्या हातात ठेवली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी धरली, कमरेपाशी आणली, पुढचं टोक जड पडतंय का पाहिलं, खांद्यापर्यंत नेली. खांदा अडला नाही. त्यांनी पहिलीही मागितली, तीही तशीच धरली, आणि लगेच खाली ठेवली. मधलीला हातच लावला नाही.

"ही," बॅटरीवालीकडे बोट करून ते म्हणाले. "बारकी आहे. पण आता आपणही कुठे मोठे राहिलो."

पुढे नियमाप्रमाणे करवत हातोहात फिरली. आत्यांनी ती धरून बघितली आणि "मला तर ही हलकीच पडते," असं जाहीर केलं. धाकटीनं डाव्या हातानं घेतली. कुणी काही म्हणालं नाही.

दुकानदारानं तेल भरून दिलं. अण्णा अंगणात गेले आणि या वेळी थोरल्याला बरोबर घेतलं. त्यानं लोंबणारी फांदी दोरानं बांधून धरली, अण्णांनी आधी खालून थोडं कापलं, मग वरून. आवाज इतका कमी होता की आतून आत्यांचं "सावकाश" स्पष्ट ऐकू आलं. फांदी अलगद उतरली. मग मनगटाएवढे तुकडे करत ते बराच वेळ कापत राहिले, बॅटरी संपेपर्यंत, आणि संपल्यावर कुरकुर न करता ओट्यावर येऊन बसले.

थोरली पाणी घेऊन आली. तांब्या ठेवून ती जायला निघाली तेव्हा त्यांनी पाय पुढे केला. नव्या भुशाखालीही बुटावरचा बदामी डाग उठून दिसत होता. खरं तर पहिल्या दिवसापासूनच तो रंग बुटाला जुळला नव्हता.

"हा रंग काढून टाक," अण्णा म्हणाले. "चीर दिसली तर दिसू दे."